उस्तादांचं बोट

गाडीच्या चाकाला पोपडे सुटले की माणसाला आधी लाज वाटते आणि मग उस्तादांचं दुकान आठवतं, असं टायरवाला म्हणायचा. यात त्याचा स्वार्थ होताच. दोघांची दुकानं एकमेकांना खेटून होती, आणि चाक उस्तादांकडे जायचं तर त्याचा टायर आधी याच्याकडे उतरायचा. पण म्हणणं खोटं नव्हतं. अ‍ॅल्युमिनियमचं चाक नवं असतं तेव्हा आरशाशी पैजा मारतं. एखादा खडा उडून वरच्या लॅकरचा, त्या पारदर्शक थराचा, टवका गेला की पाणी आत शिरतं, आणि मग लॅकरच्या खाली पांढऱ्या अळ्या फिरल्यासारख्या रेघा पसरत जातात. शेवटी हात लावाल तिथे पापुद्रा निघतो. गाडी कितीही भारी असो, चाकं अशी झाली की ती खरूज झाल्यासारखी दिसते.

ही खरूज बरी करणं हे उस्तादांचं आयुष्यभराचं काम. दुकान म्हणजे पत्र्याची एक लांबोडकी खोली. मागच्या टोकाला एक लोखंडी कपाट होतं. त्याचे कप्पे काढून आत हीटरच्या कॉइल बसवल्या होत्या, आणि रंगवलेली चाकं त्यात टांगून भाजली जायची. शेजारीपाजारी त्याला उस्तादांची बेकरी म्हणत. उस्तादांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, नाकातल्या केसांवर बारा महिने चंदेरी रंगाची भुकटी असायची. ‘आमचे हे उन्हात उभे राहिले की भांडी घासायची गरज नाही, त्यांच्यातच तोंड बघून घेते,’ असं त्यांची बायको चारचौघांत सांगायची. तिला सगळे उस्तादीण म्हणत, आणि उस्तादांपेक्षा तिची जीभ धारदार आहे याबद्दल गल्लीत दुमत नव्हतं.

काम सांगायला सोपं आहे. चाकाला रिमूव्हर फासायचा, जुना रंग सुरकुतून उठला की खरवडायचा, थिनरने पुसायचं, मग पॉलिश पेपर. आधी खरखरीत, मग बारीक, शेवटी पाण्यात भिजवलेला. मग प्रायमर, चंदेरी, वरून लॅकर, आणि बेकरी. पण रिमूव्हर सगळीकडे सारखा चालत नाही. जुना रंग कुठेकुठे हट्टाने धरून बसतो आणि त्याच्या कडेला केसाएवढी पायरी उरते. ती पायरी राहिली की वर कितीही उंची रंग मारा, पोपडा पुन्हा तिथूनच उठतो. डोळ्याला ती दिसत नाही, कारण घासलेल्या धातूवर सगळीकडे रेघाच रेघा असतात. ती बोटाला लागते.

म्हणून उस्ताद डोळे मिटायचे. डोळे मिटून उजव्या हाताचं पहिलं बोट चाकाच्या एकेका दांड्यावरून, एकेका खोबणीतून सावकाश फिरवायचे. मग चाक उलटं करून आतल्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे. ही दुसरी तपासणी पहिलीपेक्षा मोठी. खड्ड्यात आदळलेल्या चाकाला भेग पडते ती आतल्या कडेला, जिथे कुणी बघत नाही तिथे. घासल्याच्या रेघांत भेगेची रेघ हरवून जाते, पण नख तिच्यावर अडखळतं. नख अडखळलं की उस्ताद डोळे उघडायचे आणि म्हणायचे, “हे मेलं.” मेलेल्या चाकाला ते रंगाचा थेंब लावत नसत.

एकदा एका बड्या गिऱ्हाइकाने फार गळ घातली. भेग भरून द्या, वरून रंग मारा, कुणाला काय कळतंय. उस्तादांनी ऐकून घेतलं, आत गेले, घण आणला आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत त्या चाकाचे तुकडे केले. “तुमचं चाक होतं, राग येणं बरोबर आहे,” ते म्हणाले, “पण आता त्यावर कुणी बसणार नाही.” ती गोष्ट टायरवाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, दर वेळी थोडी फुगवून. उस्ताद ऐकत असायचे आणि ऐकत नसल्यासारखं दाखवायचे. माणसाला एवढं सुख तर हवंच.

आता हातमोज्यांचं. रिमूव्हर आणि थिनर ही काही गुलाबपाणी नव्हेत. डब्यावर कवटीचं चित्र असतं. उस्तादिणीने मोजे आणून दिले, लेकीने आणून दिले, टायरवाल्याने स्वतःचे काढून दिले. उस्तादांनी ते खिळ्याला टांगून ठेवले. मोजा घातला की बोटाला कळत नाही, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. उलट संध्याकाळी हाताला चिकटलेला रंग काढायला ते कोपरापर्यंत थिनर चोळायचे. ज्या बोटासाठी मोजे टाकले ते बोट मोज्यांवाचूनच मरणार आहे, हे कळायला काही फार शिकावं लागत नाही. पण हट्टी माणसाला कोण सांगणार, आणि सांगितलं तरी तो कशाला ऐकणार.

सुरुवात शर्टाच्या गुंड्यांपासून झाली. गुंडी बोटांत आहे की नाही ते बघितल्याशिवाय कळेना. खिशात हात घातला तर किल्ली कुठली आणि नाणं कुठलं ते कळेना. “थंडीने आखडलीत,” ते बायकोला म्हणाले. उन्हाळा आला तरी थंडी जाईना, तेव्हा ते गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टरने सुई टोचून बघितली, हातोडीने ठोकून बघितलं, काय काम करता ते विचारलं आणि सांगितलं की ते काम आजपासून बंद करा, गेलेलं परत येणार नाही. उस्तादांनी घरी येऊन सांगितलं की ताकदीच्या गोळ्या दिल्यात. उस्तादिणीने त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी त्यांच्या गुंड्या लावायला लागली. पुढे तिने विचारलं नाही. आपण विचारलं नाही हे तिला नंतर जन्मभर पुरलं.

पण काम तर सुटत नव्हतं. काम सोडून उस्ताद काय करणार होते? चहा पीत बाकावर बसून दुसऱ्यांच्या चाकांना नावं ठेवणार? त्यांनी एक वाट शोधून काढली. दुकानात कुणी नसताना दार लोटून घ्यायचं, चाक मांडीवर घ्यायचं आणि बोटाऐवजी खालचा ओठ त्यावरून फिरवायचा. ओठ शाबूत होता. ओठाला पायरी कळायची. चाकाच्या पोटात तोंड घालून आतली कड तपासली की भेगसुद्धा कळायची, घासात केस यावा तशी. ओठाने त्या दिवसांत मेलेली चाकं पकडलीही, आणि उस्तादांनी ती परत केलीही. म्हणजे लबाडी नव्हती. फक्त लाज होती. पन्नाशी उलटलेला माणूस चाकाचे मुके घेत बसलाय, हे कुणी पाहिलं तर?

उस्तादिणीने एकदा जेवताना त्यांच्या ओठाला लागलेली भुकटी पदराने पुसली. “कुणाचे लाड करून आलात?” ती म्हणाली.

“चाकाचे.”

“तरीच. मला वाटलं, या वयात कोण मिळाली.”

दोघं हसली. ते खरं बोलले होते आणि ते खरं वाटलं नव्हतं. माणूस असाही लपतो.

जावई टॅक्सी चालवायचा. हसतमुख, बडबड्या, थोडा घाईचा. गाडी जरा जोरात हाकायचा, आणि लेक त्यावरून त्याच्याशी रोज भांडायची. त्यांना एक मुलगी, शाळेत नुकती जायला लागलेली. तिला सगळे बिट्टी म्हणत. जावयाने जुनी पण चांगली गाडी घेतली. इंजिन ठणठणीत, गाद्या नव्या, चाकं मात्र पोपड्यांनी भरलेली. असल्या चाकांवर चांगली गिऱ्हाइकं बसत नाहीत, म्हणून तो नवी घ्यायच्या विचारात होता. उस्तादांना हे कळलं तेव्हा त्यांना राग आला. “सासरा मेला का तुमचा, असं लोक विचारतील तुम्हाला,” ते म्हणाले. “चारही आणून टाका. नव्याला लाजवतील अशी करून देतो.”

चाकं आली. तीन त्यांनी सकाळीच, दार लोटून, ओठाने तपासून बाजूला ठेवली. तिन्ही निरोगी होती. चौथं घासून झालं आणि ते मांडीवर घेणार, एवढ्यात दार उघडलं. जावई, लेक, कडेवर बिट्टी, मागून टायरवाला, त्याच्यामागे किटली घेऊन उस्तादीण. ठरल्यापेक्षा लवकर आली होती सगळी. दुकानात उभं राहायला जागा उरली नाही.

“बाबा, ते डोळे मिटून करता ना तुम्ही, ते बघायचंय हिला,” जावई बिट्टीकडे बोट करून म्हणाला. “मी सांगितलंय तिला, आजोबांना डोळ्यांशिवाय दिसतं.”

“चहा घ्या आधी,” उस्ताद म्हणाले.

“चहा होईल हो. दाखवा आधी.”

टायरवाल्याला तर निमित्तच हवं होतं. त्याने घणाची गोष्ट सुरू केली. सगळे गोल करून उभे राहिले. उस्तादांनी चाक मांडीवर घेतलं. एवढ्या माणसांसमोर, जावयासमोर, ते त्यावर ओठ टेकवू शकत होते का? शकत होते. काय झालं असतं? हसले असते सगळे. मग कुणीतरी विचारलं असतं, का? आणि मग सगळं बाहेर आलं असतं: बोटं, डॉक्टर, वर्षभराची लपवाछपवी. भीड ती एवढीच, पण तिच्यापुढे भलेभले वाकतात.

उस्तादांनी डोळे मिटले. बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही, जसं त्याला गुंडी लागत नव्हती, नाणं लागत नव्हतं. चाक उलटं केलं. आतल्या कडेवरून अंगठ्याचं नख सावकाश, पूर्ण फेरी फिरवलं. नख कुठे अडखळलं असेल तर ते अंगठ्याने त्यांना सांगितलं नाही. बिट्टी श्वास रोखून बघत होती. उस्तादांनी डोळे उघडले.

“चोख,” ते म्हणाले.

टाळ्या बिट्टीने वाजवल्या. सगळी जाताच ओठ लावून बघू, असं उस्तादांनी मनाशी ठरवलं होतं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण ती गेलीच नाहीत. गप्पा रंगल्या. जावयाला गाडी लवकर हवी होती. “आजोबा, रंग मारा ना,” म्हणून बिट्टीने पिच्छा पुरवला, आणि उस्तादांनी तिला लांब उभी करून तिच्यादेखत चाकावर प्रायमर मारला. प्रायमर भेगेत शिरतो आणि तिला बुजवून टाकतो. त्यानंतर ओठालाही काही कळलं नसतं. तीन चांगली आहेत, मग चौथं का नसेल, असं उस्तादांनी स्वतःला सांगितलं. असं त्यांनी उभ्या आयुष्यात कुठल्याच चाकाबद्दल म्हटलं नव्हतं.

चाकं खरोखरच नव्याला लाजवणारी झाली. जावयाने गाडीचे फोटो काढून सगळ्यांना दाखवले.

मग एका दुपारी बिट्टीला शाळेतून घेऊन येताना, पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर, गाडी रस्ता सोडून उभ्या ट्रकवर आदळली. बिट्टी बापाशेजारी बसली होती. ती तिथेच गेली. जावयाच्या खांद्याचं हाड मोडलं आणि बरगड्या. तो शुद्धीवर आला तेव्हा त्याला शेवटचं एवढंच आठवत होतं की बिट्टी शाळेतलं काहीतरी सांगत होती.

चाक तुटलं होतं, हे सगळ्यांनी पाहिलं. आदळलेल्या गाडीचं चाक तुटतंच, असं सगळे म्हणाले. जावई गाडी जोरात हाकतो हे गल्लीला ठाऊक होतं. त्यामुळे कारण शोधत बसायची कुणाला गरज वाटली नाही. लेकीला तर नाहीच. “हळू चालव, हळू चालव म्हणून माझा घसा कोरडा पडला,” ती आईच्या गळ्यात पडून म्हणाली, आणि मग नवऱ्याचं तोंडसुद्धा न बघता ती माहेरी राहायला आली. जावयाने आपल्या बाजूने एक शब्द काढला नाही. वेग किती होता ते त्याला आठवत नव्हतं. आठवत नाही म्हणजे जास्तच असणार, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं.

टायरवाला भंगाराच्या आवारात जाऊन गाडीचे उरलेले टायर घेऊन आला. त्याच्याबरोबर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने दुकानाचं दार लावून घेतलं आणि ते उस्तादांसमोर उघडलं.

“हे बघा,” तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

ते चौथं चाक होतं. आतली कड फुटून अर्धी निघाली होती. तुटलेला धातू ताजा असला की साखरेसारखा चमकतो. तशी चमक एका बाजूला होती. दुसऱ्या बाजूला, बोटभर लांबीत, तुटलेलं तोंड काळपट होतं, आणि त्या काळपटावर प्रायमरचा रंग उतरला होता. रंग बाहेरून आत जायला वाट लागते. म्हणजे रंग मारला तेव्हा वाट होती. दुसऱ्या कुणाला यातून काही कळलं नसतं. या दोघांना सगळं कळलं.

“तुम्ही बोट फिरवलं होतं,” टायरवाला म्हणाला. “मी तिथेच होतो.”

उस्तादांनी दोन्ही हात पुढे केले आणि डॉक्टरने जे सांगितलं होतं ते त्याला सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

टायरवाल्याने गोणपाट पुन्हा गुंडाळलं. मित्र म्हणून तो चांगला होता. एवढा चांगला नसता तर बरं झालं असतं. “पोर तर गेली,” तो शेवटी म्हणाला. “ती काही परत येत नाही. आता लेकही जायला नको. तुम्ही म्हणाल तर मी हे वितळवायला देतो. आपल्या दोघांतच राहील.”

“दे,” उस्ताद म्हणाले.

इथे त्यांचा राग येतो, यायलाच हवा. ज्या माणसाने परक्या गिऱ्हाइकाचं चाक घणाने फोडलं, त्याने स्वतःचं चाक चोरून वितळवलं. पण हेही खरं की तो शब्द बोलताना ते उभे होते आणि बोलून झाल्यावर खाली बसले, आणि टायरवाल्याला त्यांना धरून घरी न्यावं लागलं.

त्यांनी दुकान बंद केलं. लोकांना वाटलं, नातीच्या दुःखाने. तेही खोटं नव्हतं.

लेक घरात होती. ती आता सकाळी उठून बापाच्या गुंड्या लावायची. “हात थरथरतात तुमचे, बाबा,” म्हणायची. त्यांच्यापुढे पाणी ठेवायची, जेवायला बसवायची, ते जेवले नाहीत तर समोर बसून राहायची. तिला रडू यायचं तेव्हा ती आईजवळ न जाता त्यांच्याजवळ यायची, त्यांच्या खांद्याला डोकं लावून नवऱ्याला शिव्या द्यायची. “माणूस नाहीये तो. त्याला कळत नव्हतं का, पोर शेजारी बसलीय?” उस्ताद तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे. तिचे केस त्यांना कळायचे नाहीत. आज सांगू, असं ते रोज सकाळी ठरवायचे, आणि ती गुंड्या लावायला समोर आली की मान वर करून उभे राहायचे. लेक जवळ होती. सांगितलं की ती जाणार, हे त्यांना उघड दिसत होतं. न सांगितलं तर जावई मरणार, हे दिसायला मात्र वेळ लागला.

जावई रविवारी यायचा. आत नाही. समोरच्या भिंतीला टेकून उभा राहायचा. लेक खिडकी लावून घ्यायची. त्याने गाडी चालवणं सोडलं होतं आणि तो एका गोदामात पोती उचलायचा, मोडलेल्या खांद्याने. दर आठवड्याला तो थोडा कमी झालेला दिसायचा. बडबड्या माणूस, पण उस्तादीण त्याला पाणी द्यायला बाहेर गेली तर नुसती मान हलवायचा. “सुकून गेलेत हो जावईबापू,” ती आत येऊन म्हणायची, लेकीला ऐकू जाईल असं. लेकीला ऐकू जायचं नाही.

एका रविवारी सकाळी त्याने दार वाजवलं. उस्तादीण शेगडीपाशी होती, तवा नुकता तापला होता. लेक भिंतीशी बसली होती, उस्ताद स्टुलावर. उस्तादिणीने दार उघडलं आणि तो उंबऱ्याच्या आत आला, तेवढाच.

“मी जातोय,” तो बायकोकडे न बघता म्हणाला. “खाणीवर माणसं हवीत म्हणतात, तिकडे. परत यायचं काही ठरवलेलं नाही. घर तुझंच आहे. ही किल्ली.” त्याने हात पुढे केला. लेकीने घेतली नाही. किल्ली त्याने उंबऱ्याजवळ जमिनीवर ठेवली. “आणि एक बोलायचं राहिलं होतं. मी वेगात होतो. माझ्यामुळे गेली ती. तुम्ही सगळे बरोबर आहात.”

“तुम्ही वेगात नव्हता,” उस्ताद म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही.

“चाक आधीच मेलेलं होतं. भेग होती आत. मला कळली नाही. माझ्या बोटांना काही कळत नाही, वर्ष होऊन गेलं त्याला. डॉक्टरने काम बंद करा म्हणून सांगितलं होतं. मी बोट फिरवलं ते नुसतं दाखवायला. तुम्ही सगळे बघत होता म्हणून.”

खोलीत तव्याचा वास यायला लागला होता, पण उस्तादीण हलली नाही.

“बाबा, नका,” जावई म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “एवढे उपकार नका करू माझ्यावर. मला माहितीये, मी काय केलं ते.”

“पाठीशी घालू नका यांना,” लेक म्हणाली. “जातायत तर जाऊ दे. तुम्ही कशाला स्वतःवर घेता?”

“चाकाच्या भेगेत माझा रंग होता. मी पाहिलाय.”

“कुठे आहे ते चाक?”

“वितळवून टाकलं.”

“बघा,” लेक आईकडे वळून म्हणाली. “दुःखाने डोकं ठिकाणावर नाही यांचं. काहीही बोलायला लागलेत.”

“अहो, गप्प बसा आता,” उस्तादीण हळूच म्हणाली. पण ती नवऱ्याच्या हातांकडे बघत होती, आणि वर्षभराच्या गुंड्या, किल्ल्या, सांडलेली नाणी तिच्या डोक्यात एकेक करून जागेवर बसत होती.

त्यांना खरं सांगायला एवढे महिने लागले होते, आणि आता ते खरं कुणाला नको होतं. जावयाला आपला गुन्हा हवा होता. लेकीला आपला बाप हवा होता. उस्तादांनी दोघांकडे पाहिलं. मग ते स्टुलावरून उठले, शेगडीपाशी गेले आणि उजव्या हाताची बोटं तापलेल्या तव्यावर पालथी, नीट टेकवून ठेवली.

चर्र आवाज झाला. उस्तादांनी हात काढला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा बदललं नाही. दात आवळले नाहीत, पापणी लवली नाही. बाजारात कुणाची वाट बघत उभं असावं तसे ते लेकीकडे बघत उभे होते. “हे बोट होतं,” ते म्हणाले. “हेच फिरवलं.”

उस्तादीण तोंडावर हात घेऊन खाली बसली. कातडं जळल्याचा वास खोलीभर झाला. लेक सगळ्यांत जवळ होती, नुसता हात लांबवला असता तरी पुरलं असतं. ती उठून उभी राहिली आणि बघत राहिली. आधी बोटांकडे, मग बापाच्या तोंडाकडे. तिला पटलं आहे हे उस्तादांना दिसलं, आणि तिने हात पुढे केला नाही हेही दिसलं.

जावयानेच झेप घेतली. चांगल्या हाताने त्यांचं मनगट ओढलं, फरफटत नळापाशी नेलं आणि पाण्याखाली धरलं. “आणखी पाणी सोडा,” तो उस्तादिणीला ओरडून म्हणाला. “कुणीतरी डॉक्टरला बोलवा.” ज्या माणसाने त्याला एवढे महिने जिवंत गाडलं होतं त्याच माणसाला त्याने छातीशी धरून ठेवलं होतं.

“दुखतंय का, बाबा?”

“नाही,” उस्ताद म्हणाले.

लेक उंबऱ्याजवळ गेली. तिने जमिनीवरची किल्ली उचलली, मुठीत घेतली आणि नवऱ्याच्या मागे येऊन उभी राहिली. किती तरी महिन्यांनी ती त्याच्याशी बोलली.

“चला, घरी जाऊ,” ती म्हणाली. “यांचं आई बघेल.”